शाळेचं सोलर आणि कुलूपबंद पेटी

ज्यांना बसमध्ये किंवा लोकलमध्ये हेडफोन लावून ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलताना जास्तीचे झालेले "म्हणजे" आणि "बघा" काढलेत. सगळे नाही, थोडे.

आजची गोष्ट माझ्या शाळेपासून सुरू होते. माण तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, सातवीपर्यंतची. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे थोडी तक्रार येणार आहे आणि त्यातली बरीचशी मंडळी मला अजून दिवाळीत पारावर भेटतात.

मी सहावीत होतो तेव्हा शाळेत सोलर आलं. २००८ च्या आसपासचा काळ. लोडशेडिंग म्हणजे काय हे आत्ताच्या विशीतल्या मुलांना समजावून सांगावं लागतं. आम्हाला ते घड्याळासारखं पाठ होतं. या आठवड्यात रात्रीची लाईट, पुढच्या आठवड्यात दिवसाची. खेड्यात बारा-बारा तास वीज नसायची. तर एक दिवस टेम्पो आला. शाळेच्या मागे लोखंडी स्टँड उभा राहिला, त्यावर एक निळं-काळं पॅनेल, भिंतीला एक लोखंडी पेटी आणि वर्गात दोन सीएफएल. उद्घाटन झालं, नारळ फुटला, फोटो निघाला. फोटोत पॅनेल नीट दिसावं म्हणून ते फाटकाकडे, म्हणजे पूर्वेला तोंड करून बसवलेलं होतं. आपल्याकडे ते दक्षिणेला तोंड करून, जमिनीशी साधारण १७-१८ अंशांचा कोन करून बसवतात, हे मला खूप नंतर कळलं.

पण दिवे लागायचे! संध्याकाळी स्कॉलरशिपचे जादा तास असायचे आणि कंदिलाच्या जागी पांढराशुभ्र उजेड. त्या पेटीला मात्र कुलूप. किल्ली हेडमास्तरांच्या कपाटात. आम्ही पोरं पेटीला कान लावून ऐकायचो, आत काही वाजतंय का. एकदा मी विचारलं, "गुरुजी, आत काय असतं?" उत्तर आलं, "हात लावू नको, डेडस्टॉकला लागलंय."

ज्यांचे आईवडील शिक्षक आहेत त्यांना हा शब्द ठाऊक असेल. शाळेत आलेली प्रत्येक टिकाऊ वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला नोंदवतात. मोडली तरी ती रीतसर निर्लेखन होईपर्यंत टाकता येत नाही. तपासणीला वस्तू जागेवर असली पाहिजे, बस. चालली पाहिजे असं त्या रजिस्टरात कुठे लिहिलेलं नसतं.

दीडेक वर्षात दिवे मंद झाले. आधी तासभर चालायचे, मग वीस मिनिटं, मग नाहीच. मी सातवीत होतो, फेब्रुवारीत स्कॉलरशिपचा पेपर. गुरुजींनी गुपचूप घरनं कंदील आणला. तालुक्याला अर्ज गेला, "माणूस येईल" म्हणून निरोप आला. माणूस आला नाही. खिचडी शिजवणाऱ्या मावशी त्या पॅनेलवर धुतलेली फडकी वाळत घालायला लागल्या. आमच्या गावातला अपारंपरिक ऊर्जेचा धडा तिथे संपला.

हे सगळं मी विसरून गेलो होतो. गेल्या दिवाळीत चुलतभावाच्या मुलीचं विज्ञानाचं पुस्तक चाळत होतो. ती त्याच शाळेत सहावीला आहे. तिला विचारलं, सोलरमधून वीज कशी होते गं? ती म्हणाली, "काका, ऊन आत जातं, तापतं आणि वीज हुती." चूक. पण तिच्या शाळेच्या मागे तब्बल सोळा-सतरा वर्षं एक पॅनेल उभं आहे आणि तरी तिला हे ठाऊक नाही, याचं मला वाईट वाटलं. मग मी शोधायला लागलो: शाळा आणि सूर्याची वीज यांची गाठ आधी कुठे, कशी पडली होती? आणि कुणाला जमलं?

सापडलेलं सांगतो. सुरुवात थेट आपल्या मुंबईत आहे, आणि तीसुद्धा १८७८ ची!

विल्यम अ‍ॅडम्स नावाचा एक इंग्रज मुंबईच्या हायकोर्टात डेप्युटी रजिस्ट्रार होता. कारकुनी नोकरी, पण डोक्यात वेगळंच वेड. हिंदुस्थानात सरपण संपत चाललंय आणि डोक्यावर एवढं ऊन फुकट पडतंय, याचा त्याला त्रास व्हायचा. त्याने साध्या सपाट काचेचे चांदीचा मुलामा दिलेले कितीतरी आरसे अर्धवर्तुळात मांडले आणि सगळ्यांचा उजेड एका बॉयलरवर पाडला. मिडल कुलाब्यातल्या आपल्या बंगल्याच्या आवारात त्याने त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचं इंजिन पंधरा दिवस चालवून दाखवलं. एक सूर्यचूलही केली होती. ऐन जानेवारीत, म्हणजे मुंबईच्या त्यातल्या त्यात थंड महिन्यात, सात शिपायांचं जेवण तिच्यावर दोन तासांत शिजलं. त्याच वर्षी मुंबईतच त्याने यावर पुस्तकही छापलं.

लोक बघायला आले. लष्करातले अधिकारी आले. वा वा झाली. आणि मग? काहीच नाही. कुलाब्याच्या त्या अंगणात तमाशा झाला, कारागीर तयार झाले नाहीत. आरसे कसे बसवायचे, दिवसभर सूर्यामागे कसे फिरवायचे, हे त्याच्याशिवाय कुणाच्या हातात गेलंच नाही. या अंगणाची आठवण ठेवा, ते पुढे परत लागणार आहे.

(अ‍ॅडम्सचा सगळा खेळ उन्हाच्या उष्णतेचा होता. म्हणजे आमच्या पुतणीचं उत्तर अ‍ॅडम्ससाठी बरोबर होतं! पॅनेलसाठी चूक आहे.)

उजेडातून थेट वीज निघते हे त्याच्याही आधी सापडलेलं होतं. १८३९ साली, पॅरिसमध्ये, एदमों बेकरेल नावाच्या पोराला. पोराला असंच म्हणायला पाहिजे, कारण तो तेव्हा १९ वर्षांचा होता आणि वडिलांच्या प्रयोगशाळेत खटपट करत होता. द्रावणात बुडवलेल्या धातूच्या पट्ट्यांवर उजेड पाडला की वीज वाढते, असं त्याला दिसलं. का वाढते ते कुणालाच सांगता आलं नाही. एकोणीस वर्षांच्या मुलाला प्रयोगशाळेतली भांडी हाताळायची परवानगी होती, माझ्यासाठी बातमी ही आहे.

आता मोठी उडी मारू. २५ एप्रिल १९५४, अमेरिकेतली बेल लॅब्स. टेलिफोन कंपनीची संशोधन संस्था, ट्रान्झिस्टर तिथलाच. त्या दिवशी पत्रकारांसमोर एक खेळण्यातला पाळणा, जत्रेत असतो तसा, फिरवून दाखवला गेला. चावी नाही, बॅटरी नाही, नुसत्या उजेडावर. सिलिकॉनचा पहिला कामाचा सोलर सेल. करणारे तिघे: डॅरिल चॅपिन, कॅल्विन फुलर आणि जेराल्ड पिअर्सन. पडलेल्या उजेडातला साधारण ६ टक्के भाग विजेत बदलत होता.

याचं कारण मात्र फार घरगुती होतं. पृथ्वी वाचवायला कुणी निघालं नव्हतं. उष्ण, दमट मुलखात टेलिफोनच्या कोरड्या बॅटऱ्या लवकर खराब व्हायच्या आणि चॅपिनला त्यावर उपाय शोधायला सांगितलं होतं. कोकणात पावसाळ्यात रिमोटचे सेल कसे होतात, ते आठवा.

सेल जमला, पण किंमत! चॅपिनने स्वतःच हिशोब केला: एका वॅटला २८६ डॉलर. एखाद्या घराला पुरेल एवढी वीज करायची तर १४ लाख डॉलरच्या वर. म्हणजे धंदा म्हणून विषय संपला. १९५८ साली व्हॅनगार्ड-१ या उपग्रहावर हे सेल बसले, कारण अंतराळात किमतीला कोण विचारतंय.

आणि इथे मला आवडलेला माणूस येतो. जगाने विषय अंतराळात पाठवून दिल्यावर चॅपिन काय करतो? तो शाळेत जातो. १९६२ साली बेलने हायस्कूलच्या मुलांसाठी एक प्रयोगपेटी काढली, 'एनर्जी फ्रॉम द सन' नावाची, आणि तिचं पुस्तक लिहिलं खुद्द चॅपिनने. आता नीट ऐका. त्या पेटीत तयार सोलर सेल देऊन "याला उन्हात धरा" असं सांगितलेलं नव्हतं. पेटीत सिलिकॉनच्या चकत्या होत्या, रसायनं होती. मुलांनी स्वतः चकती भट्टीत तापवायची, तिच्यावर धातूचा लेप चढवायचा आणि आपला सेल आपण बनवायचा. ज्याने सेल शोधला, त्यानेच तो कसा करायचा हे शाळेतल्या पोरांना लिहून दिलं!

जरा थांबून आत काय होतं ते सांगतो, नाहीतर पुतणी रागावेल. सिलिकॉनचे दोन थर. एकात अगदी किंचित एक भेसळ, दुसऱ्यात दुसरी. दोन्हींच्या सीमेवर एक चढ-उतार तयार होतो, ओढ्याच्या उतारासारखा. उजेडाचा कण येऊन आदळला की सिलिकॉनमधला एखादा इलेक्ट्रॉन जागेवरून सुटतो आणि उताराकडे ढकलला जातो. बाहेरून तार जोडली की तो तारेतून फिरून परत येतो. ही फेरी म्हणजे वीज. यात कुठे काही तापावं लागत नाही. उलट पॅनेल जितकं तापेल तितकी त्याची ताकद कमी होते. दर अंशाला साधारण ०.४ टक्के. आमच्या माणच्या मे महिन्यात पॅनेलची काच ६० अंशांच्या वर जाते, तेव्हा त्याच उजेडात ते डिसेंबरपेक्षा कमी देतं. मला हे कळलं तेव्हा मी बीटेकला होतो. सहावीत कळलं असतं तर काय मजा आली असती.

माझ्या धंद्याची एक गोष्ट सांगायचा मोह होतोय. याच बेल लॅब्सने १९६८ मध्ये शाळांसाठी 'कार्डिअ‍ॅक' नावाचा पुठ्ठ्याचा कम्प्युटर काढला. खरंच पुठ्ठ्याचा. पट्ट्या हाताने सरकवायच्या, मेमरीत पेन्सिलीने आकडे लिहायचे, प्रोसेसर म्हणजे तुम्ही. मी ऑफिसमध्ये त्याची प्रिंट काढून चालवून बघितलाय. कम्प्युटर आतून कसा विचार करतो हे त्या पुठ्ठ्याने जेवढं समजतं, तेवढं आमच्या शाळेतल्या प्लॅस्टिकच्या कव्हराखालच्या कम्प्युटरने कधी समजलं नाही. तोही डेडस्टॉकला होताच.

असो. शाळेच्या इमारतीच सूर्यावर चालवायचे प्रयोगही झाले. अमेरिकेत टूसॉनला १९४८ मध्ये एका प्राथमिक शाळेचं छप्परच हवा तापवायला वापरलं; दहा वर्षांनी शाळा वाढली, गॅस स्वस्त मिळाला आणि ते गेलं. इंग्लंडमध्ये वॉलसीला १९६१ मध्ये एमस्ली मॉर्गन या वास्तुतज्ज्ञाने दक्षिणेला काचेची प्रचंड भिंत असलेली शाळा बांधली. तिची ऊब ऊन, दिवे आणि चक्क मुलांच्या अंगाची गरमी यातून यायची. वरिष्ठांचा विश्वास नव्हता म्हणून हीटरची यंत्रणा बसवली होती. ती लागलीच नाही. या भारी इमारती होत्या, पण मुलं त्यात फक्त बसायची.

यापेक्षा मला ती बस जास्त आवडते.

झालं असं. २० जून १९७९ ला अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी व्हाइट हाउसच्या छपरावर ३२ सोलर पॅनेलं बसवली. ही वीज करणारी नव्हेत, पाणी तापवणारी. आपल्याकडे फ्लॅटच्या गच्चीवर असतात तसली. तेव्हा भाषणात कार्टर म्हणाले होते की एका पिढीनंतर हा हीटर कदाचित संग्रहालयातली गंमत म्हणून उरेल, नाहीतर एका मोठ्या साहसाचा छोटासा भाग ठरेल. १९८६ मध्ये, रेगन यांच्या काळात, छपराची दुरुस्ती निघाली, पॅनेलं उतरवली आणि ती परत चढलीच नाहीत. सरकारी गोदामात पडून राहिली. म्हणजे डेडस्टॉक फक्त आपल्याकडेच असतं असं नाही!

१९९१ मध्ये मेन राज्यातल्या युनिटी कॉलेज नावाच्या छोट्या कॉलेजातल्या पीटर मार्बाख यांनी त्या गोदामातल्या पॅनेलांचा फोटो पाहिला आणि सरकारला पत्र लिहिलं. कॉलेजने ५०० डॉलर भरले. मार्बाख यांनी एका जुन्या स्कूल बसमधली बाकं काढली, ती घेऊन ते वॉशिंग्टनला गेले आणि अध्यक्षांच्या छपरावरची पॅनेलं घेऊन घरी आले. त्यातली काही दुरुस्त करून कॉलेजच्या कॅन्टीनवर बसवली आणि कितीतरी वर्षं त्या पोरांच्या ताटल्या त्या पाण्याने धुतल्या गेल्या. २०१० मध्ये तिथलेच काही विद्यार्थी, लेखक बिल मॅककिबन यांच्याबरोबर, त्यातलं एक पॅनेल घेऊन परत व्हाइट हाउसला गेले: हे घ्या, पुन्हा लावा. अधिकारी भेटले, पण पॅनेल घेतलं नाही. (पुढे २०१३ मध्ये तिथे नवी पॅनेलं लागली, ही वेगळी गोष्ट.) रिकाम्या हाताने न परतलेली ती पोरं त्या दिवशी जे शिकली, ते पुस्तकात नसतं: पॅनेल लागणं किंवा उतरणं हे फक्त ऊन आणि काच यांच्यावर ठरत नाही.

आता आपल्याकडे येऊ. राजस्थानात, अजमेर जिल्ह्यात तिलोनिया नावाचं गाव. बंकर रॉय यांनी १९७२ मध्ये तिथे सुरू केलेली संस्था पुढे बेअरफूट कॉलेज म्हणून जगभर माहीत झाली. त्यांनी रात्रशाळा चालवल्या. का रात्री? कारण दिवसा पोरं शेळ्या वळायला जायची, मुली घरकाम करायच्या. आता रात्रीची शाळा म्हणजे उजेड हवा. रॉकेलचा धूर नको म्हणून सोलर कंदील आले. आणि इथे एक फार महत्त्वाचा नियम होता: कंदील गावातल्याच माणसांना दुरुस्त करता आला पाहिजे. बाहेरून "माणूस येईल" ही भानगडच नको. त्यासाठी फारसं न शिकलेल्या बायकांना सोलरचं काम शिकवलं, पुढे तर आफ्रिकेतल्या खेड्यांतून आज्या यायला लागल्या. भाषा एक नाही, मग खुणा आणि रंग. हा रंग त्या रंगाला जोडायचा. सहा महिन्यांत त्या परत जाऊन आपलं गाव उजळायच्या.

आणि त्या रात्रशाळांमधली पोरं आपली बालसंसद निवडून द्यायची. खरीखुरी मतदान करून. निवडून आलेली पोरं शाळेवर लक्ष ठेवायची: मास्तर येतात का, सामान नीट आहे का. मी मनात आमच्या शाळेत अशी संसद बसवून बघितली. सातवीतली एखादी ऊर्जामंत्री हेडमास्तरांना म्हणतेय, "गुरुजी, पेटीची किल्ली द्या." हसू आलं आणि थोडं पोटातही दुखलं.

मग पवई. आयआयटी मुंबईत प्राध्यापक चेतनसिंह सोळंकी यांच्या पुढाकाराने एक मोठी योजना चालली: खेड्यातल्या शाळकरी मुलांना दहा लाख सोलर अभ्यासदिवे. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान, ओडिशा अशा राज्यांत. दिवा साधाच, मान वाकवता येणारा, छोटं पॅनेल उन्हात ठेवायचं. मुलाने १२० रुपये द्यायचे, बाकीचा खर्च योजनेतून. पण दिवे कारखान्यातून जुळून आले नाहीत. सुटे भाग गावोगाव गेले, तिथल्याच लोकांना जुळणी शिकवली, दुरुस्तीही त्यांनीच करायची. पुढे २ ऑक्टोबर २०१८ ला, गांधीजयंतीला, पवईत पाच हजारांहून जास्त शाळकरी मुलांनी एकत्र बसून आपापला दिवा जोडला आणि एकदम लावला. गिनीज बुकात नोंद झाली. विक्रमाचं मला फारसं कौतुक नाही, विक्रम म्हटलं की मला तो उद्घाटनाचा फोटो आठवतो. मला कौतुक आहे ते त्या स्क्रू-ड्रायव्हरचं. एक मूल, एक स्क्रू-ड्रायव्हर, एक दिवा. घरी गेल्यावर दिवा बंद पडला, तर त्या मुलाला आत काय असतं ते ठाऊक आहे.

आता तुम्ही म्हणाल, बाबा रे, तुझ्या शाळेचं काय?

आधी बीटेकच्या पहिल्या वर्षातला एक प्रसंग. शाखा कुठलीही असो, बेसिक इलेक्ट्रिकल सगळ्यांना असतं. लॅबमधले काका एका मोठ्या बॅटरीची बुचं उघडून कॅनमधून पाणी ओतत होते. मी विचारलं, हे काय? ते म्हणाले, "डिस्टिल्ड वॉटर. चार्ज होताना पाणी उडतं, वरचेवर भरावं लागतं. नाहीतर प्लेटा उघड्या पडतात, बॅटरी मेली." मी तिथेच उभा राहिलो. बुचाकडे बघत. मला ती लोखंडी पेटी दिसत होती.

गेल्या दिवाळीनंतर, शाळा उघडल्यावर दोन दिवस रजा वाढवून मी शाळेत गेलो. आता तिथे मुख्याध्यापिका बाई आहेत. त्यांना सगळं सांगितलं. त्या आधी घाबरल्या, मग रजिस्टर काढून नोंद शोधली, मग म्हणाल्या, "उघडून बघायला कुठे बंदी आहे? नेऊ नका म्हणजे झालं." किल्ली कुणाकडेच नव्हती. कुलूप करवतीने कापलं. पुतणी आणि तिच्या वर्गातली वीसेक पोरं गोल करून उभी.

आत बॅटरी होती. बुचं उघडली. सहाच्या सहा कप्पे कोरडे ठाक, प्लेटांवर पांढरट थर. पाण्याची एक बाटली वेळेवर मिळाली असती, तर माझ्या बॅचने स्कॉलरशिपचा अभ्यास त्या उजेडात केला असता. मला वाटलं होतं मी पोरांसमोर काहीतरी बोलेन. बोललो नाही. नुसतं दाखवलं: हे बघा, इथपर्यंत पाणी पाहिजे होतं.

पण पॅनेल! मावशींची फडकी बाजूला केली, काच पुसली. पोरांनी सेल मोजले, ३६. एका सेलचे साधारण अर्ध्या व्होल्टहून थोडे जास्त, मग किती झाले, करा गुणाकार. मल्टिमीटर लावला: १९.१ व्होल्ट. सतरा वर्षं ते पॅनेल रोज सकाळी तयार होऊन बसत होतं आणि कुणी काम सांगत नव्हतं.

मग मी माझ्या जुन्या कम्प्युटरमधला छोटा पंखा जोडला. फिरला. आरडाओरडा. पुतणीने वहीचं पुठ्ठं एका सेलवर ठेवलं, फक्त एका, आणि पंखा लगेच मंदावला. "काका, एकच झाकला की!" मग त्यांना हाताला हात धरून उभं केलं, साखळी करून. बादली एकाकडून दुसऱ्याकडे. मधल्या एकाने हात सोडला तर? कळलं. कावळ्याची एक शीट अख्ख्या पॅनेलला का भारी पडते, तेही कळलं.

त्यानंतर ओलं फडकं. मावशींचंच. काच पुसून थंड केली आणि मीटर १९.१ वरून १९.८ वर गेला. पुतणी बराच वेळ मीटरकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग तापून वीज हुती असं मी म्हणले ते उलटंच हाय की." मी म्हणालो, उलटंच आहे. तिने लगेच पुढचं विचारलं, "मग पुस्तकात सूर्याच्या बाणावर 'उष्णता' का लिवलंय?" बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी बाईंकडे. पुस्तकातला तो बाण पाणी तापवणाऱ्या बंबाच्या चित्रातला निघाला, म्हणजे अ‍ॅडम्सच्या घराण्यातला. पॅनेलचं चित्र पुढच्या पानावर होतं आणि त्याच्या बाणावर काहीच लिहिलेलं नव्हतं. तिने पेन्सिलीने 'उजेड' लिहिलं.

दुपारी स्टँडचे गंजलेले बोल्ट रॉकेल घालून सोडवले आणि पॅनेल पूर्वेकडून दक्षिणेकडे फिरवलं. कोन मोजायला कंपासपेटीतला कोनमापक आणि दोरीला बांधलेला दगड.

नवीन बॅटरी अजून आलेली नाही. बाईंनी विषय शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठेवलाय. माझे पैसे थेट घेता येत नाहीत, ठराव लागतो, पावती लागते. तोपर्यंत मल्टिमीटर शाळेत ठेवून आलोय. पोरं रोज तीन वेळा आकडा वहीत लिहितात: सकाळी, मधल्या सुट्टीत आणि घंटा व्हायच्या आधी. सोबत आभाळ कसं होतं तेही. पुतणी दर शनिवारी व्हॉट्सअ‍ॅपवर त्या पानाचा फोटो पाठवते. परवाच्या पानावर मधल्या सुट्टीच्या रकान्यात आकडा नव्हता. तिथे लिहिलं होतं: "मावशींनी फडकं टाकलं होतं. सांगितलंय."

पुढच्या भागात भेटू. तुमच्या शाळेतही अशी एखादी कुलूपबंद पेटी असेल, तर मला कळवा. आत काय निघालं तेही.